वाक्प्रचाराला जन्मतारीख विचारावी

'डेडलाइन' हा शब्द तोंडी आल्याशिवाय आज मराठी माणसाचा कामाचा आठवडा सरत नाही. अहवालाची डेडलाइन असते, शाळेतल्या प्रकल्पाची असते, दिवाळी अंकाच्या लेखाचीही असते. या शब्दाचा उगम मात्र एका बंदीतळात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६४ च्या फेब्रुवारीत, दक्षिणेकडच्या राज्यांनी जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांसाठी तळ उघडला. भोवती उंच लाकडी तट होता आणि तटाच्या आत सुमारे १९ फुटांवर खुंट रोवून त्यांवर एक साधी फळी ठोकलेली होती. जो कैदी ती ओलांडेल, त्याला मचाणावरच्या पहारेकऱ्याने गोळी घालायची, असा हुकूम होता. त्या फळीलाच 'डेड लाइन' म्हणत. चौदा महिन्यांत तिथे सुमारे ४५,००० कैदी आणले गेले आणि त्यांतले जवळजवळ १३,००० उपासमारीने, हगवणीने, स्कर्व्हीने मेले. तळाचा अधिकारी हेन्री वर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ रोजी वॉशिंग्टनमध्ये फाशी झाली. त्याच्या खटल्याच्या कागदपत्रांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. नंतर छापखान्यातल्या यंत्रावरच्या एका रेघेला तेच नाव मिळाले. त्या रेघेपलीकडे लावलेले खिळे नीट उमटत नसत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत 'मजकूर देण्याची शेवटची वेळ' या अर्थाने तो रुळला आणि तिथून जगभर गेला.

रोजच्या बोलण्यातल्या शब्दांमागे अशी माणसे उभी असतात. कुणी कैदी, कुणी खलाशी, कुणी भाड्याने घोडे देणारा, कुणी मायदेशी परतण्याच्या बोटीची वाट बघत बसलेला शिपाई. वाक्प्रचार विद्वानांच्या बैठकीत ठरवून तयार होत नाही. तो कामाच्या जागी जन्मतो, तिथल्या अडचणीतून आकार घेतो आणि ते काम नाहीसे झाले तरी भाषेत शिल्लक राहतो. इंग्रजीतल्या नेहमीच्या वाक्प्रचारांची मुळे शोधणारे हे पुस्तक मुळात अशा माणसांविषयीचे आहे.

इंग्रजी वाक्प्रचारांच्या मुळांशी मराठी वाचकाचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आपण हे वाक्प्रचार नुसते इंग्रजीत वापरत नाही. त्यांतले कितीतरी मराठीत उतरवून आपलेसे करून बसलो आहोत. 'पांढरा हत्ती पोसणे', 'हिमनगाचे टोक', 'लालफितीचा कारभार' हे मराठी अग्रलेखांत इतके मुरले आहेत की ते पाहुणे वाटत नाहीत. लालफितीचेच पाहा. इंग्लंडमध्ये सरकारी आणि कोर्टाचे कागद लालसर कापडी फितीने बांधण्याची पद्धत शतकानुशतकांची. एकोणिसाव्या शतकात टॉमस कार्लाइलसारख्या लेखकांनी दिरंगाईवर टीका करताना ती फीत चव्हाट्यावर आणली आणि फितीचा अर्थच बदलला. आपल्याकडचे जुने दप्तर फितीत नव्हे, रुमालात बांधले जाई. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद अजून 'रुमाल' याच नावाने मोजले जातात. पण इंग्रजी कचेरी आली तशी फीत आली, फितीबरोबर तिची बदनामीही आली, आणि अडलेल्या कामाला रुमालाने नव्हे, लाल फितीने बांधायला आपण शिकलो. एका देशाच्या कारभाराची सवय दुसऱ्या देशाच्या भाषेत कशी शिरते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण दुसरे शोधावे लागेल.

आता काही नमुने पाहू. पुस्तकाची मांडणी वर्णानुक्रमे न करता व्यवसायांनुसार केली आहे, कारण वाक्प्रचाराची खरी जात त्याचा व्यवसाय हीच असते.

इंग्रजीवर सर्वांत जास्त ऋण दर्यावर्दी लोकांचे आहे. 'बाय अँड लार्ज' म्हणजे 'एकंदरीत' एवढेच आपल्याला ठाऊक असते. शिडाच्या जहाजावर हे दोन वेगळे शब्द होते. वारा जवळजवळ समोरून घेत जहाज हाकणे म्हणजे 'बाय', आणि वारा पाठीमागून मोकळा मिळत असताना हाकणे म्हणजे 'लार्ज'. दोन्ही तऱ्हांनी जे नीट चालते ते एकंदरीत चांगले जहाज. 'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणे. पण खलाशाला तो चकित करणारा प्रसंग जिवावरचा असे. वारा अचानक फिरून शिडे उलटी डोलकाठीवर दाबली गेली की चालते जहाज जागीच थबके. दारू पिऊन झिंगलेल्याला 'थ्री शीट्स टु द विंड' म्हणतात. यातली 'शीट' म्हणजे चादर नव्हे आणि शीडही नव्हे, तर शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शिडे फडफडतात आणि जहाज झोकांड्या खाऊ लागते. 'बिटर एंड' यातही कडवटपणा नाही. डेकवर नांगराचा दोर गुंडाळण्यासाठी भक्कम खुंट असत, त्यांना 'बिट्स' म्हणत. दोर सोडता सोडता खुंटाजवळचे टोक आले, म्हणजे आता सोडायला काही उरले नाही. पुढे 'बिटर' हा शब्द कडू या अर्थाने कानी पडू लागला आणि अर्थाला दुःखाची छटा चढली. लोक शब्दाचे मूळ विसरले की तो आपल्या परीने समजून घेतात. या पुस्तकात हे वारंवार दिसेल.

बंदुकीने दिलेले शब्दही कमी नाहीत. चकमकीच्या बंदुकीत नळीबाहेर एक लहानशी प्याली असे. तिच्यात घालायच्या दारूला आपल्याकडे रंजक म्हणत. चाप ओढला की ठिणगी रंजकावर पडे आणि तिची आग बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत जाई. कधी रंजक भकदिशी पेटे, पण आतली दारू तशीच राही. उजेड आणि धूर खूप, गोळी मात्र सुटलेली नसे. तो 'फ्लॅश इन द पॅन'. आरंभी गाजावाजा झाला आणि पुढे काहीच निष्पन्न झाले नाही, अशा माणसाला किंवा प्रयत्नाला आज हे म्हटले जाते. ज्या शिपायाच्या हातात अशी बंदूक समोरासमोरच्या लढाईत असेल, त्याच्या दृष्टीने या वाक्प्रचाराचा अर्थ किती भयंकर असेल, याची कल्पना करावी.

कायद्यातून आलेले वाक्प्रचार इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष मोलाचे वाटतील. कुणाला खडसावून सांगणे म्हणजे 'रीड द रायट अ‍ॅक्ट'. हा दंगलविषयक कायदा ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १७१५ पासून खरोखरच अमलात होता. बारा किंवा अधिक माणसे बेकायदा जमली, तर दंडाधिकाऱ्याने जमावासमोर उभे राहून राजाच्या नावाने ठरलेली घोषणा मोठ्याने वाचायची. वाचल्यानंतर तासाभरात जो पांगणार नाही, त्याला देहदंडापर्यंत शिक्षा. शब्द नेमके वाचावे लागत. शेवटचे 'देव राजाचे रक्षण करो' एवढे गाळले म्हणूनही शिक्षा रद्द झालेली आहे. कायदा गेला, त्याचे वाचन तेवढे भाषेत उरले. आपल्याकडे जमावबंदीच्या १४४ कलमाचे असेच झाले आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्या कलमाचा क्रमांक १६३ आहे, पण गावात तणाव झाला की लोक अजून '१४४ लागले' असेच म्हणतात.

धर्मग्रंथांच्या भाषांतरांनीही इंग्रजीला घडवले. 'स्केपगोट' हा शब्द विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलचा हिब्रूतून इंग्रजी अनुवाद करताना घडवला. मूळ विधीत दोन बोकड असतात. एकाचा बळी दिला जातो, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवून त्याला जिवंतच अरण्यात सोडून देतात. हा सुटलेला बोकड म्हणजे 'स्केपगोट'. मराठीत आपण त्याला 'बळीचा बकरा' म्हणतो, तेव्हा नकळत दुसऱ्याच बोकडाचे नाव घेतो. टिंडेलला सामान्य नांगरधाऱ्याला कळेल असे बायबल हवे होते. त्या कामापायी त्याला देश सोडावा लागला आणि १५३६ साली ब्रसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारून त्याचे प्रेत जाळण्यात आले. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात त्याचा हा शब्द कायम राहिला, आणि आज कुठल्याही कार्यालयात दुसऱ्याचे खापर ज्याच्या माथी फुटते तो टिंडेलच्याच शब्दाने ओळखला जातो.

काही वाक्प्रचारांना तर माणसाचे नावच चिकटले आहे. 'हॉब्सन्स चॉइस' म्हणजे नावाला निवड, प्रत्यक्षात मिळेल ते घ्या. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा माल वाहून नेणारा आणि घोडे भाड्याने देणारा मनुष्य. १६३१ च्या आरंभी तो वारला, तेव्हा तरुण जॉन मिल्टनने त्याच्यावर कविता केल्या. १७१२ साली 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाने त्याच्या नियमाची हकिकत सांगितली. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना हॉब्सन एकच घोडा देई: तबेल्याच्या दाराशी जो असेल तो. निवडायची मुभा दिली असती तर तेच चार तगडे घोडे रोज पिटाळून दमवले गेले असते. रांगेने दिल्यामुळे प्रत्येक जनावराला विसावा मिळे. आज आपण हा वाक्प्रचार जुलूम या भावनेने वापरतो. उगमाशी मात्र मुक्या जनावरांची काळजी आहे.

'स्टील समवन्स थंडर' याच्या उगमाशी एका नाटककाराचे दुःख आहे. जॉन डेनिसने १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात 'अ‍ॅपियस अँड व्हर्जिनिया' हे नाटक आणले आणि त्यासाठी मेघगर्जनेचा आवाज काढण्याची नवी युक्ती काढली. नाटक पडले. थोड्याच दिवसांत त्याच रंगमंचावर 'मॅकबेथ' लागले आणि त्यात त्याचीच गर्जना घुमली. माझे नाटक चालू देत नाहीत आणि माझी गर्जना मात्र वापरतात, असा संताप त्याने तिथेच व्यक्त केला, असे अठराव्या शतकातल्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. नाटक विस्मरणात गेले आणि लेखकाचा संताप तीनशे वर्षे टिकला.

आता महाराष्ट्राच्या मातीतला एक शब्द. ब्रिटनमध्ये कुणी भ्रमिष्टासारखे वागू लागले की त्याला 'डुलाली' म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना हे ठाऊक नसते की ते नाशिकजवळच्या देवळालीचे नाव घेत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेचा मोठा तळ होता. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी तिथे येत आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीसाठी तिथेच थांबत. फौजेच्या बोटी हिवाळ्याच्या हंगामातच ये-जा करत. ज्याची बोट हुकली त्याला पुढच्या हंगामापर्यंत महिनोन्‌महिने रिकामे बसावे लागे. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, जवळ दारू, अंगात कधी मलेरिया, आणि घर हजारो मैल दूर. कुणी भांडणे करून तुरुंगात जाई, कुणाला आजार जडे, कुणाचे चित्तच ढळे. या अवस्थेला शिपाई 'डुलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. भारतात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या तळाचे आणि या तापाचे वर्णन केले आहे. पुढे 'ताप' गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे मागे राहिले. ज्या गावाच्या हवेसाठी लोक आरोग्यधामे बांधत, त्याचे नाव इंग्रजीत वेडाचे नाव व्हावे, हे त्या गावाच्या हवापाण्यामुळे झालेले नाही. घरी जाऊ न शकणाऱ्या माणसांची तगमग त्याला कारण आहे. देवळालीच्या मराठी माणसाने हे जाणून घ्यावे, आणि ब्रिटिश माणसानेही.

याच शिपायांनी 'विलायती'चे 'ब्लायटी' केले आणि पहिल्या महायुद्धात खंदकांत सडणाऱ्या तरुणांना घरासाठी तो शब्द दिला. 'देखो' पासून 'डेको', म्हणजे एक नजर, हाही त्यांचाच. हेन्‍री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेले असे शेकडो शब्द आहेत. या हॉब्सनचा केंब्रिजच्या हॉब्सनशी काही संबंध नाही. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' असा झाला, आणि कोशकारांनी तोच ग्रंथाच्या नावात घेतला.

इथवर वाचकाला वाटेल की प्रत्येक वाक्प्रचारामागे अशी एक रंगतदार हकिकत तयारच असते. या पुस्तकाचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा, भाग इथून सुरू होतो. प्रचारातल्या रंगतदार हकिकतींपैकी फार मोठा भाग खोटा आहे.

'बाय हुक ऑर बाय क्रुक' घ्या. येन केन प्रकारेण काम साधणे असा त्याचा अर्थ. १६४९ साली ऑलिव्हर क्रॉमवेल आयर्लंडवर चालून गेला, तेव्हा वॉटरफर्ड घेण्यासाठी हुक आणि क्रुक या दोन ठिकाणांपैकी कुठूनही जाईन असे म्हणाला, ही कथा मोठ्या आवडीने सांगितली जाते. दोन्ही ठिकाणे नकाशावर आहेत, स्वारीही झाली. पण हा शब्दप्रयोग चौदाव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात सापडतो, म्हणजे क्रॉमवेलच्या जन्माआधी दोनशे वर्षे. कथा तिथेच संपते.

'बाइट द बुलेट'च्या बाबतीत तर आपल्याच इतिहासाला ओढून आणले जाते. मन घट्ट करून संकट सोसणे, असा त्याचा अर्थ. आणि १८५७ साली दाताने तोडायच्या काडतुसांवरून तो निघाला असे कुणी ठामपणे सांगतो. चरबीच्या काडतुसांचा उद्रेक ही आपल्या इतिहासातली खरी घटना आहे. तथापि फ्रान्सिस ग्रोसने अठराव्या शतकातच आपल्या बोलीभाषेच्या कोशात नोंदवून ठेवले होते की फटक्यांची शिक्षा भोगताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून शिपाई दातांखाली गोळी धरत, आणि न ओरडणे हा त्यांच्यात अभिमानाचा विषय असे. आजच्या लाक्षणिक अर्थाजवळचा वापर १८९१ च्या सुमारास रुडयार्ड किपलिंगच्या 'द लाइट दॅट फेल्ड' या कादंबरीत दिसतो. किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, आणि फौजेची भाषा त्याने या देशातच ऐकली. मराठी वाचकाला या वाक्प्रचाराशी आपला धागा हवाच असेल, तर तो हा आहे.

काही खोट्या कथा मोहक असतात त्या त्यांच्यात आपले नाव असते म्हणून. 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' यातला 'डॅम' म्हणजे मोगल काळातले तांब्याचे नाणे 'दाम', असे 'हॉब्सन-जॉब्सन'ने सुचवले होते. अकबराच्या वेळी असे चाळीस दाम म्हणजे एक रुपया. मराठीत आपण 'दमडीचीही किंमत देत नाही' म्हणतोच, तेव्हा ही उपपत्ती आपल्याला चटकन पटते. शिवाय हा उद्गार ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या तोंडी घालतात, आणि त्याने २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली होती. सगळे कसे जुळून येते. तरीही ऑक्सफर्डच्या कोशाने ही उपपत्ती स्वीकारलेली नाही. इंग्रजीत तो शब्द शाप या अर्थानेच चालत आला आहे. एखादी गोष्ट आपल्याला आवडणे हा तिचा पुरावा नव्हे.

'द होल नाइन यार्ड्स' ऐकल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नऊवारी लुगडे उभे राहणारच. कुणी लुगडे सांगतो, कुणी दुसऱ्या महायुद्धातल्या मशिनगनचा सत्तावीस फुटी काडतूसपट्टा सांगतो. संशोधकांनी अमेरिकेतली जुनी गावोगावची वर्तमानपत्रे चाळली, तेव्हा १९०७ साली इंडियानातल्या एका पत्रात 'पूर्ण नऊ यार्ड' आणि १९१२ साली केंटकीतल्या एका पत्रात 'सबंध सहा यार्ड' असे उल्लेख निघाले. दोन्ही महायुद्धांच्या आधीचे. शिवाय आकडा सहा असो की नऊ, अर्थ तोच, म्हणजे ती कशाची मोजणी नव्हतीच. 'अथपासून इतिपर्यंत' सांगायची ती एक तऱ्हा होती.

१९९९ साली ईमेलमधून एक निनावी मजकूर जगभर फिरला. सोळाव्या शतकातल्या जीवनावरून अनेक वाक्प्रचार निघाले, असे त्यात म्हटले होते. गवताच्या छपरांवर झोपलेली कुत्री-मांजरे पावसात घसरून पडत म्हणून 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', आणि चुकून जिवंत पुरलेल्याने शवपेटीतून दोरी ओढून घंटा वाजवावी म्हणून 'सेव्हड बाय द बेल'. घंटेच्या शवपेट्यांचे आराखडे लोकांनी खरोखर केले होते, पण हा वाक्प्रचार मुष्टियुद्धातला आहे. मार खाऊन कोलमडलेल्या गड्याला फेरी संपल्याची घंटा वाचवते. त्या ईमेलचे पुष्कळ तुकडे आज मराठीत भाषांतरित होऊन फिरताना दिसतात.

खोटी हकिकत निरुपद्रवी असते, असे मला वाटत नाही. 'रूल ऑफ थम्ब' म्हणजे ढोबळ आडाखा. नवऱ्याने अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारावे असा इंग्रजी कायदा होता आणि त्यावरून हा शब्द आला, असे १९७० नंतर पुष्कळ लिहिले गेले. १९८२ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्या अहवालाच्या शीर्षकातही तो शब्द त्या संदर्भात आला. असा कायदा इंग्लंडमध्ये नव्हता. १७८२ साली न्यायमूर्ती फ्रान्सिस बुलर असे काही म्हणाल्याची आवई उठली आणि जेम्स गिलरेने त्याचे 'जज थम्ब' म्हणून व्यंगचित्र काढले. बुलरने तसा निकाल दिल्याची नोंद नाही. शब्दप्रयोग तर त्याआधी शंभर वर्षे, अंगठ्याच्या मापाने आणि अनुभवाने काम उरकणाऱ्या कारागिरांच्या संदर्भात रुळलेला होता. स्त्रियांना मारहाण होत होती आणि न्यायालये तिच्याकडे काणाडोळा करत होती, हे सत्य आहे. एवढ्या मोठ्या सत्याला खोट्या व्युत्पत्तीचा आधार देणे म्हणजे ते सत्य दुबळे करणे होय.

आपल्याकडे 'ध चा मा करणे' हे याच जातीचे उदाहरण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हा इतिहास. 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, या कथेविषयी अनेक इतिहाससंशोधकांनी शंका घेतली आहे. तरीही अडीचशे वर्षे एका स्त्रीच्या माथी तो डाग आहे, आणि तो ग्रंथांनी जितका टिकवला त्याहून अधिक एका वाक्प्रचाराने टिकवला. म्हणून वाक्प्रचाराचे मूळ तपासणे ही केवळ हौस नव्हे. त्यात माणसांना न्याय देण्याचा प्रश्न आहे.

तपासायचे कसे, तेही सांगितले पाहिजे. पहिला प्रश्न तारखेचा: हा शब्दप्रयोग लिखित स्वरूपात सर्वांत आधी कुठे सापडतो? सांगितलेली घटना त्यानंतरची असेल तर कथा बाद. दुसरा प्रश्न व्यवसायाचा: ज्या धंद्यातून तो आला म्हणतात, त्या धंद्यातल्या लोकांनी तो आपल्या कामाच्या अर्थाने वापरल्याचा पुरावा आहे का? खलाशांच्या पुस्तकांत 'बाय अँड लार्ज' आहे, म्हणून त्याचे मूळ समुद्रावरचे मानायचे. तिसरी गोष्ट स्वभावाची: कथा जितकी नीटनेटकी, तितकी अधिक कसून पाहावी. ज्या वाक्प्रचारांचे मूळ या कसोट्यांना उतरले नाही, त्यांच्यापुढे या पुस्तकात 'अनिर्णित' असे सरळ लिहिले आहे.

हे शक्य झाले ते इंग्रजांनी केलेल्या एका अफाट सामुदायिक कामामुळे. १८७९ साली कोशकार जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना आवाहन केले: पुस्तके वाचा, शब्द कुठल्या वाक्यात आला ते चिठ्ठीवर उतरवा, साल आणि पान लिहा, पाठवा. शिक्षक, धर्मोपदेशक, गृहिणी, निवृत्त अधिकारी अशा असंख्यांनी लाखो चिठ्ठ्या पाठवल्या. ऑक्सफर्ड कोशाचा पहिला खंडांश १८८४ साली निघाला आणि काम पुरे झाले १९२८ साली. मरे १९१५ मध्येच वारले होते. त्याच्याही आधी ग्रोसने टॉम कॉकिंग या साथीदाराला घेऊन रात्री-अपरात्री लंडनच्या वस्त्यांत हिंडून रस्त्यावरची भाषा टिपली होती. शब्दाला तारीख आहे, कारण कुणीतरी ती वेळेवर लिहून ठेवली.

मराठीतही हा वारसा आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'बरोबर 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' सिद्ध केला. परंतु तारखांसह, प्रत्येक शब्दाचा पहिला उल्लेख आणि त्याचा प्रवास दाखवणारा कोश अजून मराठीला हवा आहे. घाण्याला जुंपणे, चरकातून पिळून निघणे, कस लावणे, सुपातल्यांनी हसणे हे वाक्प्रचार आपण रोज वापरतो. बैलघाणा पाहिलेली, सुपात धान्य पाखडलेली शेवटची पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्या बोलण्यात अजून असे शब्द आहेत जे कुठल्याच कोशात आलेले नाहीत.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. या पुस्तकातली एखादी हकिकत कुणाला सांगाल, तेव्हा तिच्याबरोबर तिचे सालही सांगा. आणि आपल्या घरात, गावात, धंद्यात एखादा अनोळखी वाक्प्रचार ऐकलात तर तो लिहून ठेवा: कुणी म्हटला, कुठल्या गावी, कुठल्या कामाच्या ओघात, कोणत्या वर्षी. उद्याच्या मराठी कोशकाराला लागणारी सामग्री हीच आहे, आणि ती गोळा करण्याचे काम तुमच्या-माझ्यासारख्या साध्या वाचकांनीच करायचे आहे.